आनंदाश्रू तुम्ही स्वतः पाहिलेत का? (हसू, आसू आणि आपलं कोल्हापूर)

शिवाजीपेठकर
मंडळी, परवा रात्री जेवता जेवता घरात एक वाद झाला, तो इथं आणतोय.

लेक नववीत आहे. निबंध लिहीत होती. ‘निकाल ऐकताच आईच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले’ असं वाक्य होतं. मी विचारलं, ‘बाळ, तू कुणाच्या डोळ्यांत आनंदाश्रू पाहिलेस का गं कधी?’ ती पेन खाली ठेवून बसली. म्हणाली, ‘नाही पप्पा. पण निबंधात येतात.’

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. वय पन्नाशीला आलं, मी तरी पाहिलेले नाहीत. 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्य घेतलं, त्या दुपारी आमच्या चौकात हलगी वाजली, साखर वाटली, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. डोळा कुणाचा ओला नव्हता. त्यानंतर बरोबर आठवड्यानं, 8 ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. मी खासबागेपाशी उभा होतो. आयुष्यभर तबला वाजवलेला एक म्हातारा माणूस भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. शेजारी उभे असलेले आम्ही सगळेच रडलो.

एका आठवड्यात हसूही पाहिलं, आसूही पाहिले. दोन्ही एका चेहऱ्यावर मात्र दिसले नाहीत.

माझं मत असं झालंय की आनंदाश्रू हा पुस्तकातला शब्द आहे. माणूस आनंदात रडतो असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर जुनं कुठलं तरी दुःख बाहेर पडत असतं. तुमचे अनुभव सांगा. पुस्तकातले चालतील, इतिहासातले चालतील, पण घरातले असतील तर ते आधी.

तांबडापांढरा
पुण्याच्या पाहुण्यानं तांबड्याचा पहिला भुरका मारला की येतात बघा. रोज बघतो.

गवारेडा दाजीपूर
दादा, तुम्ही पेठेत होता म्हणून दिसले नाहीत. आम्ही राधानगरी तालुक्यातले. आमचे चुलते रिटायर्ड मास्तर. त्यांनी जन्मात बंदूक हातात धरली नाही, थ्री पोझिशन म्हणजे काय ते मीच त्यांना समजावलं. निकाल लागला आणि चुलते उठून टीव्हीमागची वायर नीट करायला लागले. वायरला काही झालंच नव्हतं. मी मागं जाऊन बघितलं तर उपरण्यानं डोळे पुसत होते.

विचारलं, ‘नाना, काय झालं?’ म्हणाले, ‘आपल्या तालुक्याचं नाव मोठ्या बातम्यांत येतं ते धरणाची दारं उघडली म्हणून, नाहीतर गवा गावात शिरला म्हणून. आज पहिल्यांदा पोराच्या नावानं आलं.’

तर तुमचं म्हणणं थोडं खरं आहे. खाली जुनं काहीतरी होतंच. पण त्याला दुःख म्हणू का, ते मला कळत नाही.

नेत्रवैद्य
तांबडापांढरा, ते अश्रू वेगळ्या खात्यातले. तीन प्रकार सांगते. डोळा ओला ठेवायला सतत पाझरतात ते पहिले. धूर, मिरची, कांदा यांनी येतात ते दुसरे. मन भरून आलं की येतात ते तिसरे. सगळ्यांचा मोठा झरा म्हणजे डोळ्याच्या वर, बाहेरच्या अंगाला असलेली अश्रुग्रंथी. निचरा मात्र आतल्या कोपऱ्यातून नाकात होतो, म्हणून रडताना आधी नाक ओढावं लागतं.

दुःखाला एक नळी आणि आनंदाला दुसरी असं शरीरात काही नाही. आणखी एक, नवजात बाळ पहिले काही आठवडे रडतं ते बिनपाण्याचं. नव्या आया घाबरून विचारायला येतात. आवाज जन्मासोबत येतो, पाणी मागाहून येतं.

चटणीवाली काकू
डॉक्टर, उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटून आणतो तेव्हा आम्ही जावा-जावा एकत्र बसतो. मिरच्यांची देठं काढताना ठसका, शिंका, डोळ्यांना धारा, आणि हसून हसून पोट दुखतं. सासूबाई म्हणायच्या, ‘रडायचं असेल तर आज रडून घ्या गं, कोण विचारणार नाही.’ एका वर्षी धाकटी जाऊ खरंच रडत होती. आम्हाला संध्याकाळी कळलं. माहेरी भाऊ आजारी होता.

निवृत्त संस्कृत शिक्षिका
शिवाजीपेठकर, शब्द पुस्तकी आहे हे मान्य. पण पुस्तक किती जुनं ते पाहा. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव सांगितले, त्यांत अश्रू आहेत. ते कशानं येतात याची यादीही दिली: आनंद, संताप, धूर, काजळ, जांभई, भय, शोक, एकटक पाहणं, थंडी, रोग. काकूंच्या मिरचीला धुराच्या शेजारी जागा आहे. आणि यादीत पहिलं नाव आनंदाचं आहे, शोकाचं नाही. वारकरी मंडळी ‘अष्टसात्त्विक भाव दाटून आले’ म्हणतात, ते हेच.

मी छत्तीस वर्षं शाकुंतलाचा चौथा अंक शिकवला. मुलगी नवऱ्याच्या घरी निघाली आहे, दिवस मंगल आहे आणि आश्रमात सगळे कासावीस. कण्व म्हणतात, मी अरण्यात राहणारा, माझी ही अवस्था, तर संसारी माणसांचं काय होत असेल. पहिल्या वर्षी हा श्लोक सांगताना मला काहीच झालं नव्हतं. माझी मुलगी सासरी गेल्यानंतरच्या जूनमध्ये तोच श्लोक आला आणि मी वर्गाकडे पाठ करून फळ्यावर अन्वय लिहीत राहिले. तास संपेपर्यंत वळले नाही.

चंदगडी
इतिहासातलं सांगतो. 4 फेब्रुवारी 1670, कोंढाणा. गड आला पण सिंह गेला, हे शाळेत सगळ्यांनी घोकलंय. मला लहानपणी वेगळाच प्रश्न पडायचा. तानाजी मालुसऱ्यांच्या घरात रायबाचं लग्न ठरलेलं होतं. त्या लग्नाचं पुढं काय झालं? गुरुजींना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला येत नाही.

उत्तर मला आमच्याच तालुक्यात मिळालं. पारगडावर. रायबांना महाराजांनी तिथं किल्लेदार नेमलं आणि मालुसऱ्यांचे वंशज अजून तिथं राहतात. लग्न महाराजांनी स्वतः उभं राहून लावून दिलं असं परंपरा सांगते. त्या मांडवात काय वातावरण असेल याचा विचार करा. नवरदेवाच्या बापाच्या जागी राजा उभा आहे. अक्षता टाकताना कोण हसलं असेल आणि कोण रडलं असेल, ते वेगळं काढता येईल का?

पायथ्याचा पन्हाळा
चंदगडी भाऊ, तसंच आमच्याकडं. 13 जुलै 1660. बाजीप्रभू खिंडीत जखमांनी भरलेले, कान विशाळगडाकडं. तोफा ऐकू आल्या आणि त्यांनी प्राण सोडला अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. एकाच आवाजात गडावर आनंद आणि खिंडीत मरण.

पण मला जास्त लागतो तो शिवा काशीद. पायथ्याच्या नेबापूरचा. महाराजांसारखे कपडे करून पालखीत बसला, पुढं काय होणार ते पुरतं ठाऊक असून. माझ्या आजोबांचा सलूनचा धंदा. रोज सकाळी दुकान उघडताना त्याचं नाव घ्यायचे आणि छाती पुढं काढून हसायचे. डोळे मात्र भरलेले असायचे. नाभिक समाजात तुम्ही हे कुठल्याही म्हाताऱ्याकडं बघाल.

तालमीतला
आमच्यात रडणं नसतंय. वस्ताद सांगायचे, घाम आणि पाणी दोन्ही मातीत जिरवायचं.

तरी एक सांगतो. गावच्या जत्रेत माझी शेवटची कुस्ती होती. पुढचा गडी माझ्याच तालमीत वाढलेला, सहा वर्षांनी लहान, मीच त्याला ढाक शिकवलेली. त्यानं त्याच डावावर मला अस्मान दाखवलं. मैदान दणाणलं. मी उठलो, त्याचा हात धरून वर केला, आणि मला दिसेनासं झालं. वस्तादांनी मूठभर तांबडी माती घेतली आणि माझ्या तोंडाला फासली. लोकांना वाटलं लाडानं केलं. त्यांनी पाणी लपवलं माझं.

खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीहून कांस्य घेऊन आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी त्यांना पाठवायला स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले होते. पदक आलं त्या दिवशी त्या प्राचार्यांच्या घरात काय झालं असेल, हे मला कुणीतरी सांगावं अशी लई इच्छा आहे.

शिवाजीपेठकर
सगळं वाचतोय, दोनदा दोनदा. बाई, फळ्याचा प्रसंग मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला.

पण बघा, माझा मुद्दा अजून उभाच आहे. मास्तरांच्या मनात तालुक्याची उपेक्षा होती, बाईंना मुलीचा विरह होता, तालमीतल्या भावाची शेवटची कुस्ती होती. प्रत्येकाच्या तळाशी दुःखच सापडलं. निव्वळ आनंदाचं पाणी कुणी दाखवलं नाही.

रंगपटातला
नाट्यगृहाचा विषय निघाला म्हणून लिहितो. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून ते उभं केलं. आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. 1890 चा जन्म त्यांचा. आम्ही हार ठरवले होते.

रंगभूमीवर हसू-आसू शेजारीच राहतात. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधूची वाताहत चालू आहे आणि मधेच तळीराम येऊन हसवून जातो. कच्चा नट तळीरामाच्या टाळ्या घेतो आणि सिंधूचा प्रवेश पाडतो. पक्का नट प्रेक्षकाला इतकंच हसवतो की पुढचं रडू आडवं यायला नको. ही गोष्ट पुस्तकात शिकता येत नाही.

आणि बालगंधर्व. 12 मार्च 1911, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. संध्याकाळी ते भामिनी होऊन उभे राहिले. लोक खूश होऊन घरी गेले. दहा वर्षांनी, जुलै 1921 मध्ये, मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं, तेव्हा पुन्हा तेच भामिनी आणि धैर्यधर आपले केशवराव. सगळा महाराष्ट्र हरखला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. वय एकतीस.

शिवाजीपेठकर, तो भिंतीला टेकलेला तबलजी मी ओळखतो. नाव सांगत नाही. पहिली बिदागी त्यानं त्या रंगमंचावर घेतली होती.

मिसळ आणि मी
अवांतर: खासबागेजवळ सकाळी सातला कटवाली मिसळ कुठं मिळेल? रविवारी येतोय.

तांबडापांढरा
भावा, धागा कुठला, प्रश्न कुठला. व्यनि कर, पत्ता देतो. रुमाल घेऊन ये.

कागलची लेक
शाहू महाराजांचं नाव आलं म्हणून एक जोडते. 1918 मध्ये त्यांचे धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून गेले. लग्नाला वर्ष झालेलं. मागं सून इंदुमतीदेवी, कोवळ्या वयाच्या. घरातून विरोध असताना महाराजांनी त्यांच्या शिक्षणाची सोय सोनतळीला केली आणि त्यांना शिकवलं. पोटचा मुलगा गेलेला बाप त्या पोरीच्या पुस्तकांची चौकशी करत होता. पुढं इंदुमतीराणींनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम उभं केलं. माझ्या आत्त्या त्यामुळं शिकल्या, म्हणून घरात हे नाव देवघरातल्यासारखं घेतलं जातं.

आता माझं. लग्नात मी रडले नाही. मला रडू आलंच नाही, नवरा आवडीचा होता. बोळवणीला बायका माझ्या तोंडाकडं बघत उभ्या. ‘काळजाची घट्ट आहे’ असं नाव पडलं. आजी जात्यावर माहेराच्या ओव्या म्हणायची, तिला हे फार लागलं.

बाबाही रडले नाहीत. पहिल्या पंचमीला मुराळी म्हणून ते स्वतः आले, भावाला पाठवलं नाही. सासरी चहा झाला, दोघं स्टँडवर आलो. बाबा म्हणाले, ‘बस, तिकिटाचे सुट्टे घेऊन येतो.’ बराच वेळ आले नाहीत. शेवटी मी उठून बघितलं तर कंट्रोलरच्या केबिनमागं उभे, तोंड भिंतीकडं. मला बघून हसले. ‘तुझ्या सासूबाईंनी तुझ्या हातच्या भाकरीचं कौतुक केलं गं’, एवढंच म्हणाले. त्या पाण्यात कुठलं दुःख होतं, सांगा.

कृष्णाकाठ शिरोळ
मी लिहू का नको करत होतो. लिहितो.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकडंला. नरसोबावाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो तो सगळ्यांना माहीत आहे. पाणी चढत चढत मंदिरात उत्तरेच्या दारानं शिरतं, पादुकांवरनं वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. आमची आई दरवर्षी जायची. पहाटे निरोप आला की लुगडं पिशवीत घालून पळायची, चेहऱ्यावर नुसता उजेड. आणि त्याच पाण्याला भिऊन वडील रात्रभर काठी रोवून बसायचे. एका घरात, एका पाण्याबद्दल.

2019 चा ऑगस्ट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांवर इशारा आणि 43 ला धोका. त्या वर्षी पातळी 55 च्या वर गेली. आमच्याकडं पाणी रात्रीत वाढलं. बोट माणसांना न्यायला आली, जनावरांना जागा नाही. वडिलांनी गोठ्यात जाऊन चारी म्हशींची दावी कापली. बांधून ठेवलं तर बुडणार, सोडलं तर नशीब. आई बोटीत बसली ती मागं न बघता.

पाणी उतरल्यावर घरी आलो. भिंत पडलेली, धान्य कुजलेलं, सगळीकडं वास. आई खराटा घेऊन चिखल ओढत होती. रडली नाही. चार दिवस एक थेंब नाही. आम्हाला त्याचीच भीती वाटायला लागली होती.

पाचव्या दिवशी पलीकडच्या गावचा एक माणूस म्हैस घेऊन आला. त्यांच्या उसाच्या रानात उंचवट्यावर सापडली होती, गळ्यात आमचं कापलेलं दावं. गल्लीच्या तोंडाशी आली आणि रेकली. आईनं आवाज ओळखला. खराटा टाकून चिखलातनं पळत सुटली, दोनदा पडली. म्हशीच्या गळ्यात पडून ती हसत होती. मोठ्यानं, तोंड उघडून. आणि डोळ्यांतनं पाणी चाललेलं. एक हात शिंगावर, एक हात पाठीवर, ‘आलीस का गं बाई, आलीस का’ एवढंच चाललेलं.

शिवाजीपेठकर दादा, तीन म्हशी गेल्या त्या गेल्याच. तेव्हा ते पाणी दुःखाचं होतं असं तुम्ही म्हणाल. पण चार दिवस दुःख होतं तेव्हा पाणी आलं नव्हतं. म्हैस आली तेव्हा आलं. मी तिथं उभा होतो.

चटणीवाली काकू
दादा, काय लिहू. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

नेत्रवैद्य
मी दवाखान्यात बसून वाचलं आणि पुढच्या पेशंटला दोन मिनिटं थांबायला सांगितलं.

तालमीतला
मी वस्तादांना फोन लावला. विचारलं, त्या दिवशी माती का फासली. म्हणाले, ‘तुझा पोरगा जिंकला होता. त्यावर कुणाची नजर नको पडायला.’ तोवर मला वाटत होतं हरल्याचं लपवलं.

शिवाजीपेठकर
तीन दिवस लिहिलं नाही. म्हशीचं वाचल्यावर लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काल आईला विचारलं. वय 81, ऐकायला कमी येतं, म्हणून कानाशी जाऊन विचारलं, ‘आई, तू कधी आनंदानं रडलीस का?’

आई म्हणाली, ‘तू दहावी पास झालास तेव्हा.’ मी म्हटलं, मी घरातच होतो, मला पेढा भरवलास, हसत होतीस. तर म्हणाली, ‘आधी न्हाणीत गेले होते. बंब पेटवला. धूर झाला म्हणून सांगायला बरं.’ मग एकेक सांगत गेली. भावाला नोकरी लागली तेव्हा न्हाणीत. माझी लेक झाली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात. म्हटलं, लपवायचं कशाला? ‘चांगलं झाल्यावर चारचौघांत रडू नये. दृष्ट लागती.’

आजोबा गेले तेव्हा ती अंगणात, सगळ्या गल्लीसमोर रडली होती. ते मला लख्ख आठवतं. दुःखाला मांडव घालतो आपण, आनंदाचं न्हाणीत उरकतो, म्हणून मला दिसलं नाही. आता वरचे सगळे प्रतिसाद परत बघा. टीव्हीमागं, फळ्याकडं तोंड करून, कंट्रोलरच्या केबिनमागं, मातीखाली. मी माझं मत मागं घेतो.

निवृत्त संस्कृत शिक्षिका
तुमच्या आईंनी जे सांगितलं ते शाकुंतलात आहे, आणि मला इतक्या वर्षांत ते असं दिसलं नव्हतं. निघताना शकुंतला रडू लागते तेव्हा सख्या तिला म्हणतात, मंगल वेळी रडणं बरं नव्हे. आणि लगेच रंगसूचना येते की तिला सजवण्याआधी त्या दोघी डोळे पुसतात. मी ती सूचना वर्गात नेहमी भरभर वाचून पुढं जात असे.

गवारेडा दाजीपूर
लेकीच्या निबंधाचं काय झालं?

शिवाजीपेठकर
वाक्य बदललं तिनं. ‘निकाल ऐकून आजी न्हाणीघरात गेली’ असं केलं. शिक्षकांनी खाली लाल रेघ मारून ‘संदर्भ स्पष्ट करा’ लिहिलंय. आजीनं वही बघायला मागितली. वाचून दाखवली, तर उठून आत गेली.

चटणीवाली काकू
कृष्णाकाठ, ती म्हैस आहे का अजून?

कृष्णाकाठ शिरोळ
थकलीय. तिची रेडी आता दूध देती. पाऊस सुरू झाला की आई दोघींना दाव्याला बांधत नाही.